पत्ता कामाचा असावा, खुर्चीचा नसावा

गावांची नावे बहुधा देवावरून, झाडावरून, नदीवरून पडतात. रसायनीचे नाव मात्र कामावरून पडले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, पाताळगंगेच्या खोऱ्यात तिचा कारखाना उभा राहिला, आसपास रसायनांचे आणखी कारखाने आले आणि मोहोपाड्याच्या या परिसराची रसायनी अशी ओळख रूढ झाली. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने त्या कारखान्यातील न परवडणारे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणास लागणारे नायट्रोजनचे एक संयुग तयार करणारा विभाग इस्रोकडे सोपवण्याचे ठरले आणि जमिनीचा मोठा तुकडा भारत पेट्रोलियमला देण्याचे ठरले. आतला कारभार असा मुळापासून बदलला. जिल्ह्याचे नाव तर त्याआधीच, १९८१ साली, कुलाब्याचे रायगड झाले होते. तरी पनवेल-रोहा मार्गावरचे स्थानक रसायनीच राहिले आणि ‘रसायनी, ४१०२०७’ एवढे लिहिलेले पाकीट बिनचूक येथे येते.

हे कसे साधते? पत्ता आणि पत्त्यामागची व्यवस्था या दोन गोष्टी टपालखात्याने वेगळ्या ठेवल्या, म्हणून साधते. आज आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहोत त्याचे सारही एवढेच आहे. विषय आहे जावा भाषेत लिहिलेल्या वेबसेवांचा: मोबाईलवर वा संगणकावर आपण जो पत्ता टाकतो तो आतल्या नेमक्या कोणत्या कार्यक्रमापर्यंत पोचवायचा, आणि ती वाट अशी कशी आखायची की सर्व्हर बदलला तरी ती मोडू नये. विषय तांत्रिक वाटेल, पण ज्या कोणाला सातबारा, तिकीट, दाखला किंवा पासबुक आता पडद्यावर पाहावे लागते त्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

प्रथम सर्व्हलेट म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर हा एक मोठा कचेरीवजा कार्यक्रम असतो. बाहेरून विनंत्या येतात, त्या तो स्वीकारतो आणि उत्तरे परत धाडतो. परंतु प्रत्येक विनंतीचे काम तो स्वतः करीत नाही. त्याच्या हाताखाली लहान लहान कार्यक्रम असतात. एक वर्गणी पाहतो, एक पुस्तकांची यादी देतो, एक पावती फाडतो. जावाच्या जगात अशा हाताखालच्या कारकुनास सर्व्हलेट म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत १९९७ साली सर्व्हलेटचा पहिला नियमग्रंथ सिद्ध झाला आणि तो रचणाऱ्या अभियंत्या होत्या पवनी दिवाणजी. कारकुनांची व्यवस्था लावणाऱ्या बाईंचे आडनाव दिवाणजी असावे, हा योगायोग आम्हां मराठी माणसांना गंमतीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

कारकून नेमले, पण कोणती विनंती कोणत्या कारकुनाकडे द्यायची हे कोणी ठरवायचे? आरंभीच्या काळात जो तो सर्व्हर आपल्या मर्जीने ठरवी. सर्वांत सोपी वहिवाट अशी होती की पत्त्यात ‘/सर्व्हलेट/’ असा शब्द लिहावा आणि त्यापुढे थेट त्या कारकुनाचे खाजगी नाव, म्हणजे जावातल्या वर्गाचे नाव, लिहावे. दुसरीकडे अपाचे जेसर्व्ह नावाच्या व्यवस्थेत ‘/सर्व्हलेट्स’ असा अनेकवचनी शब्द लावण्याची रीत होती. एका अक्षराचा हा फरक. पण एका सर्व्हरसाठी बांधलेली सेवा दुसऱ्यावर नेली की पानापानातले दुवे तुटत आणि लेखकाला सगळी पाने पुन्हा लिहायला बसावे लागे. यांशिवाय नेमणुकांची टिपणे प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या फायलींत, स्वतःच्या भाषेत असत. एका कचेरीचे हजेरीपुस्तक दुसरीत वाचताच येऊ नये, असा तो प्रकार होता.

गैरसोयीपेक्षाही मोठा दोष पुढे उघडकीस आला. बाहेरच्या माणसाला आतल्या कारकुनाचे नाव घेऊन हाक मारता येऊ लागली, की तो ज्याला बोलवायला नको त्यालाही बोलावू शकतो. टॉमकॅट हा जावाचा अत्यंत लोकप्रिय सर्व्हर. त्यात २००२ साली असे आढळले की त्या जुन्या वाटेने सर्व्हरच्या अंतर्गत कामासाठी असलेल्या एका सर्व्हलेटला सरळ नावाने हाक मारली, तर तो पानाचे तयार रूप देण्याऐवजी त्याची मूळ संहिताच पाहुण्याच्या हाती ठेवतो. चुलीवरचे अन्न मागावे आणि कोठीच्या किल्ल्या मिळाव्यात तशी ही गत झाली. त्याच वर्षी ही वाट आपोआप खुली न ठेवण्याचे ठरले आणि टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीत तर ती मुळातच काढून टाकण्यात आली.

या सर्वांवरचा तोडगा १९९९ साली आला. सर्व्हलेटच्या नियमग्रंथाच्या २.२ या आवृत्तीने सांगितले की प्रत्येक सेवेने आपल्यासोबत एक यादी बाळगावी. ‘वेब.एक्सएमएल’ हे त्या यादीचे नाव. तीत दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली नोंद कारकुनाला एक कामापुरते नाव देते आणि त्यामागे जावातला कोणता वर्ग उभा आहे ते सांगते. दुसरी नोंद त्या कामापुरत्या नावाला पत्त्याचा नमुना जोडते. म्हणजे पत्ता आणि वर्ग यांची थेट गाठ कोठेच नाही. मध्ये एक नाव आहे. उद्या वर्ग बदलला तर पहिली नोंद बदलावी, पत्ता बदलला तर दुसरी. सेवेची सारी पाने, सारे वर्ग आणि ही यादी एकाच गाठोड्यात बांधण्याची पद्धतही त्याच ग्रंथाने घालून दिली. हे गाठोडे नियम पाळणाऱ्या कोणत्याही सर्व्हरवर नेऊन सोडावे, तेथील व्यवस्था ती यादी वाचील आणि सारखाच अर्थ लावील, असा हा करार आहे.

अर्थ सारखा लागण्यासाठी नियम काटेकोर हवेत. ते चारच आहेत. समजा, एका काल्पनिक सार्वजनिक वाचनालयाची सेवा आहे आणि तिच्या यादीत पाच नमुने आहेत: ‘/वर्गणी’, ‘/पुस्तके/*’, ‘/पुस्तके/नवी/*’, ‘*.पावती’ आणि नुसता ‘/’. प्रत्यक्षात असे पत्ते बहुधा रोमन लिपीत असतात. येथे सोयीसाठी आम्ही देवनागरी वापरतो.

पहिला नियम तंतोतंत जुळणीचा. विनंती ‘/वर्गणी’ अशीच आली तर ती वर्गणीच्या कारकुनाकडे जाते आणि पुढचा विचार होत नाही. दुसरा नियम आरंभाच्या जुळणीचा: तंतोतंत काही जुळले नाही, तर पत्त्याचा आरंभ ज्या नमुन्यांशी जुळतो त्यांतला सर्वांत लांब नमुना निवडावा. ‘/पुस्तके/१२५’ ही विनंती पुस्तकांच्या कारकुनाकडे जाईल; परंतु ‘/पुस्तके/नवी/मे’ ही दोन्ही नमुन्यांशी जुळत असली तरी नव्या पुस्तकांच्या कारकुनाकडेच जाईल, कारण तो नमुना अधिक लांब आहे. तिसरा नियम शेपटाचा: आरंभही जुळला नाही, तर शेवटी बिंदूनंतर काय आहे ते पाहावे. ‘/मार्च/४२.पावती’ ही पावतीच्या कारकुनाकडे जाईल. चौथा नियम उरलेल्यांचा: कोठेच काही जुळले नाही, तर ‘/’ या नमुन्याचा कारकून ते काम घेईल.

येथे नवख्यांची जी फसगत होते ती सांगितली पाहिजे. ‘/पुस्तके/४२.पावती’ ही विनंती कोठे जाईल? शेपूट पावतीचे असूनही ती पुस्तकांच्या कारकुनाकडे जाईल, कारण दुसरा नियम तिसऱ्याच्या आधी लागतो. दुसरी फसगत ‘/*’ आणि ‘/’ यांच्यात होते. दोन्हींचा अर्थ ‘सर्व काही’ असा वाटतो. परंतु ‘/*’ हा आरंभाच्या जुळणीचा नमुना आहे. तो चित्रे, सजावटीच्या फायली, शेपटावर चालणारी पाने, सर्व गिळून टाकतो. नुसता ‘/’ मात्र इतरांनी सोडलेले तेवढेच उचलतो. तिसरी गोष्ट म्हणजे तारांकन हवे तेथे घालता येत नाही. ‘/पुस्तके*’ असे लिहिले तर नियमाप्रमाणे ते शब्दशः तारांकनासह तसेच नाव समजले जाते, आणि तसा पत्ता कोणी कधी टाकीत नाही. यादीतील नोंदींचा क्रम खालीवर केला तरी निकालात फरक पडत नाही. आणि रोमन लिपीत लहान व मोठे अक्षर हे वेगळेच मानले जाते.

सर्वांत लांब आरंभ जुळवून पाहण्याची ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. टपालाचा पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो सुचवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. ४१०२०७ या आकड्यातला पहिला ४ देशाचा पश्चिमेकडील विभाग दाखवतो, पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत नेतात. दूरच्या सॉर्टिंगवाल्याला सुरुवातीचे आकडे पुरतात. जसे पत्र जवळ येते तसा आकड्याचा अधिकाधिक भाग वाचला जातो. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३, पनवेल ४१०२०६: सर्वांचा आरंभ एक, शेवट निराळा.

आणि हा आकडा जिल्ह्याच्या कचेरीला बांधलेला नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. लोणावळा पुणे जिल्ह्यात आहे, पण त्याचा पिन ४१०४०१. उलट पेण रायगड जिल्ह्यातच आहे, पण त्याचा आरंभ ४०२ ने होतो. पिन पत्राची वाट सांगतो, अधिकाऱ्याची हद्द सांगत नाही. म्हणूनच कुलाब्याचे रायगड झाल्यावर येथील पिनला धक्का लागण्याचे कारण नव्हते. वेलणकरांनी हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक लिप्यांच्या घोटाळ्यातून वाट काढली ती आकड्यांच्या साहाय्याने. सर्व्हलेटच्या कर्त्यांनी सर्व्हरांच्या भिन्न बोलींतून वाट काढली ती एका समान यादीच्या साहाय्याने. दोहोंची बुद्धी एकाच जातीची आहे.

यादी असूनही गाठोडे हलवताना दुवे का तुटतात, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे कारण पत्त्याच्या पहिल्या भागात आहे. संपूर्ण पत्ता ‘/वाचनालय/पुस्तके/१२५’ असा असतो. त्यातला ‘/वाचनालय’ हा सेवेचा पाया. ‘/पुस्तके’ हा कारकुनाचा भाग. आणि ‘/१२५’ हा उरलेला भाग, जो कारकुनाने स्वतः वाचून पुस्तक शोधायचे. सर्व्हर आधी पाया जुळवून कचेरी ठरवतो आणि मग वरचे चार नियम लावून कारकून ठरवतो. यांतला मधला भाग लेखकाच्या यादीत असतो. पण पाया त्या यादीत नसतो. टॉमकॅट तो बहुधा गाठोड्याच्या नावावरून घेतो, इतर काही सर्व्हर आपल्या स्वतंत्र फायलीत तो लिहून ठेवतात, आणि सेवा बसवणाऱ्याला तो बदलण्याचा पूर्ण अधिकार असतो. तेव्हा ज्या लेखकाने आपल्या पानांत जागोजाग ‘/वाचनालय’ असे कायमचे लिहून ठेवले, त्याने आपल्या हातात नसलेली गोष्ट गृहीत धरली. शहाणा लेखक पाया काय आहे ते सर्व्हरला दर वेळी विचारून घेतो. त्यासाठी नियमग्रंथात सोय आहे. किंवा तो सापेक्ष दुवे लिहितो, जसे आपण ‘शेजारच्या खोलीत’ म्हणतो आणि इमारतीचे नाव घेत नाही.

पुढे २००९ साली नियमग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीने आणखी एक सोय दिली: नेमणुकीची नोंद यादीत न करता त्या वर्गाच्या माथ्यावरच पत्ता लिहून ठेवता येऊ लागला. लिहिणाऱ्यांना हे फार आवडले, कारण दोन ठिकाणी पाहावे लागत नाही. पण सबंध कचेरीत कोण काय करतो हे एका दृष्टिक्षेपात दिसण्याची सोय त्यामुळे कमी झाली. सुदैवाने यादीचा अधिकार वरचा ठेवलेला आहे. त्याच नावाची नोंद यादीत केली तर माथ्यावरच्या पत्त्याऐवजी यादीतला पत्ता चालतो. लहान सेवेला माथ्यावरचा पत्ता पुरेल. मोठ्या संस्थेने यादीच ठेवावी, असे आमचे मत आहे.

हे नियम पाळले नाहीत तर काय होते याचे उदाहरण सर्वांच्या पाहण्यातले आहे. रेल्वेची तिकिटे आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर २००२ सालापासून मिळू लागली. कित्येक वर्षे त्या पत्त्यात ‘सीजीआय-बिन’ आणि ‘बीव्ही६०.डीएलएल’ असे शब्द दिसत. ते शब्द गाडीचे नव्हते, तिकिटाचेही नव्हते. आत ब्रॉडव्हिजन नावाची सामग्री चालत होती, तिचा तो शिक्का होता. पुढे २०१४ साली नवी व्यवस्था आली आणि पत्त्याच्या शेवटी ‘.जेएसएफ’ हे शेपूट दिसू लागले. हे जावातल्या एका पानबांधणीच्या पद्धतीचे नाव, आणि आमच्या तिसऱ्या नियमाचे जिवंत उदाहरण. आजच्या पत्त्यात तेही नाही. प्रवाशाचे काम तिन्ही वेळा एकच होते: रसायनीहून वा पनवेलहून गाडी पाहणे आणि तिकीट काढणे. काम बदलले नाही, आतील यंत्र बदलले, आणि यंत्राचे नाव पत्त्यात असल्यामुळे पत्ताही बदलला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच सांगून ठेवले होते की पत्त्यात तंत्राची नावे व शेपटे घालू नयेत, कारण तंत्र बदलणारच.

उलट बाजूचा पुरावाही देतो. जावाची ही सारी व्यवस्था ओरॅकल कंपनीने २०१७ साली एक्लिप्स या संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले. जुने नाव वापरण्याबाबत उभयतांत एकमत झाले नाही, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत आतल्या वर्गांच्या नावांतला ‘जावाएक्स’ हा शब्द जाऊन ‘जकार्ता’ हा शब्द आला. जगभरच्या असंख्य कार्यक्रमांत तो बदल करावा लागला. जुने गाठोडे टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीवर जसेच्या तसे चालेना. परंतु ज्यांचे पत्ते कामाच्या नावाने बांधलेले होते त्यांच्या ग्राहकांना याचा पत्ताही लागला नाही. ‘/वर्गणी’ ही ‘/वर्गणी’च राहिली, आणि नमुने जुळवण्याचे चारही नियम तसेच राहिले. आत एवढी उलथापालथ होऊनही दारावरची पाटी हलली नाही, हीच या पद्धतीची कसोटी होती आणि ती तीत उतरली.

आता याचा आपल्याशी संबंध काय? आज पतसंस्था, शाळा, वाचनालये, गृहनिर्माण संस्था, सर्वांना संकेतस्थळ हवे असते. काम कंत्राटदाराला दिले जाते, पत्ता छापील पावतीवर, शाळेच्या सूचनावहीत, भिंतीवरच्या फलकावर चढतो. तीन वर्षांनी कंत्राटदार बदलतो, सर्व्हर बदलतो आणि छापलेला पत्ता निरुपयोगी होतो. त्याची झळ कोणाला लागते? ज्याला नवा पत्ता शोधता येतो त्याला नाही. फलकावरचा पत्ता वहीत उतरवून सेवाकेंद्रात जाणाऱ्या म्हाताऱ्या सभासदाला लागते, अर्जाची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्याला लागते. कधी याहूनही वाईट होते: नेमणुकांची रीत फक्त एका कंत्राटदाराला ठाऊक असल्यामुळे संस्थेला त्याला सोडताच येत नाही. ज्याच्या हाती ती यादी, त्याच्या हाती संस्था अडकते.

तेव्हा संस्थेच्या पंचांनी तंत्र शिकलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. पण काम देताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. पत्त्यात आमच्या कामाचे नाव आहे, की तुमच्या यंत्राचे? कोणता पत्ता कोणत्या कार्यक्रमाकडे जातो याची संपूर्ण यादी आमच्या दप्तरी राहील ना? हेच गाठोडे दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर, वेगळ्या पायावर ठेवून, एकही पान न बदलता आमच्यासमोर चालवून दाखवाल का? आणि एखादा पत्ता बदलणे अटळच झाले, तर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्याकडे पोचवण्याची व्यवस्था कराल ना? घर बदललेल्याचे पत्र टपालखाते अर्ज दिल्यावर नव्या पत्त्यावर पाठवते; वेबमध्येही ‘कायमचे स्थलांतर’ सांगणारा ३०१ हा ठरीव आकडा त्यासाठी आहे.

या चार प्रश्नांना शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी उत्तर मिळाले पाहिजे, कारण नंतर ते मिळणे कठीण असते. संस्थेच्या सभेत हे प्रश्न ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात नोंदवून ठेवावेत आणि कंत्राटाच्या कागदास जोडावेत. सभासदाने एकदा उतरवून घेतलेला पत्ता पुढची अनेक वर्षे त्याला त्याच कामापर्यंत नेईल, एवढी शाश्वती त्यातून मिळाली तर ती पुरेशी आहे.